अंगणातला एडवर्ड गुलाब

मंडळी, गुलाबाचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. "आम्ही लाल गुलाब आणून लावला होता. दोन वर्षं बरा फुलला आणि मग त्याला गुलाबी, बारीक फुलं यायला लागली. झाडानं रंग कसा बदलला?" कुणी म्हणतं पाणी बदललं, कुणी म्हणतं माती लागली नाही, आणि बहुतेक जण म्हणतात की रोपवाल्यानं फसवलं.

हा प्रश्न मीही एकदा विचारला आहे, आणि तोही हातात कुदळ घेऊन. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. झेंड्याच्या कट्ट्याभोवती काहीतरी लावावं म्हणून मुलांनी वर्गणी काढली. बाजारच्या दिवशी एका फिरत्या रोपवाल्याकडून सात गुलाब आणले. प्रत्येक रोपावर एकेक टपोरं लाल फूल होतं. पोरं इतकी हरखली की पहिले आठ दिवस शाळा भरायच्या आधीच पाणी घालून व्हायचं. पहिला हिवाळा छान गेला. पुढच्या पावसाळ्यात बुडातून हिरवेगार, जोमदार फुटवे निघाले आणि बघता बघता तिसरीतल्या पोरांच्या डोक्यावर गेले. आम्हाला वाटलं, गुलाबानं जोर धरला. आणखी दोन पाट्या शेणखत घातलं. इकडे जुन्या, लाल फुलाच्या फांद्या मात्र एकेक करून काळ्या पडत वाळून गेल्या. तिसऱ्या हिवाळ्यात झाडं भरभरून फुलली, पण सगळी गुलाबी! प्रजासत्ताक दिनाला लाल गुलाबांचा हार करायचा बेत होता. पोरं हिरमुसली. "गुरुजी, त्यानं फसवलं आपल्याला," असं म्हणू लागली, आणि मीही तसंच म्हणत कुदळ घेतली.

शेजारच्या वाडीत एक म्हातारे माळीबाबा होते. तरुणपणी त्यांनी पुण्याकडच्या रोपवाटिकांतून डोळे भरण्याचं काम केलेलं. ते कुंपणापलीकडून म्हणाले, "गुरुजी, थांबा वाईच. फसवलं कुणी न्हाई. तुमी लेकराला उपाशी ठेवलंत आन दाईला जेवू घातलंत. आन ही दाई बी काय वाईट न्हाई. एडवर्ड हाय ती. ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी कुदळ खाली ठेवली, ती ठेवलीच. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या दाईविषयी. तुमच्यापैकी अनेकांच्या अंगणात, विहिरीच्या कडेला, देवळाच्या मागे हा गुलाब उभा असेल. त्याला कुणी गावठी म्हणतं, कुणी देशी. नीट राखला तर कमरेएवढ्या उंचीचं आटोपशीर झुडूप होतं, वास जुन्या गुलाबाचा असतो, आणि उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर वर्षभर फूल मिळतं. न राखला तर मात्र त्याचं काटेरी रान होतं आणि मग लोक ते उपटून टाकतात.

आधी दाईची गोष्ट पुरी करू. बाजारात मिळणारा मोठ्या फुलाचा गुलाब सहसा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. ज्याचं मूळ चिवट आहे, जे काडी खोचली तरी जगतं, असं एक झाड आधी वाढवतात. त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखा छेद देऊन त्यात हव्या त्या गुलाबाचा एक डोळा बसवतात आणि बांधून टाकतात. डोळा जिवंत झाला, फुटला, की खुंटाचा वरचा भाग कापून काढतात. म्हणजे मुळं एकाची आणि फूल दुसऱ्याचं. आपल्याकडे खुंट म्हणून जी झाडं वापरत आली आहेत त्यांत हा एडवर्ड आहे. बुडाशी जिथं गाठीसारखा फुगवटा दिसतो, तो सांधा. सांध्याच्या वरून आलेला फुटवा तुमच्या गुलाबाचा, खालून किंवा जमिनीतून आलेला फुटवा खुंटाचा. खुंट जात्याच जोरकस. त्याला वाव मिळाला की तो वरच्याचा घास पळवतो.

इथं एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. 'पाच पानांचा फुटवा चांगला, सात पानांचा रानटी' असं अनेक जण सांगतात. ही खूण भरवशाची नाही. काही खुंटांना सात-नऊ पानं असतात हे खरं, पण एडवर्डला पाचही असतात आणि सातही, आणि कित्येक चांगल्या बागेतल्या गुलाबांनाही सात पानं येतात. या हिशेबानं लोकांनी चांगले फुटवे तोडलेले आणि खुंटाचे जपलेले मी पाहिले आहेत. पानं मोजत बसू नका. बोटानं माती बाजूला करा आणि फुटवा कुठून निघाला ते बघा. खुंटाचा असेल तर वरच्यावर कापू नका; कापला तर एकाच्या जागी तीन येतात. मुळाशी जिथून निघाला तिथपर्यंत माती उकरा आणि खाली ओढून ओरबाडून काढा. तुम्हाला लाल गुलाब राखायचा असेल तर एवढं जरूर करा. तो आधीच गेला असेल, तर माळीबाबांचं ऐका.

आता हा एडवर्ड आला कुठून? पुष्कळांना वाटतं की इंग्रजांच्या राजाचं नाव दिलं असेल. तसं नाही. हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी फ्रेंचांचं एक बेट आहे. आज त्याला रेयुनियाँ म्हणतात. पूर्वी बूर्बाँ म्हणत. तिथले शेतकरी शेताच्या बांधावर गुलाबाचं कुंपण करीत, जसं आपण घायपाताचं किंवा सागरगोट्याचं करतो. या कुंपणांत दोन जातींचे गुलाब शेजारीशेजारी असत. एक चीनचा, दुसरा दमास्कस गुलाबाच्या कुळातला. कुठल्याशा बांधावर त्या दोघांचा आपोआप संकर झाला आणि एक नवं झाड उगवलं. बेटावरचे लोक त्याला 'एदुआर' म्हणत. ब्रेआँ नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ १८१७ साली तिथल्या सरकारी बागेवर आले, त्यांनी हे झाड पाहिलं आणि त्याचं बी फ्रान्सला पाठवलं. ते १८१९ साली पॅरिसजवळ न्यूई इथल्या राजघराण्याच्या बागेत झाक नावाच्या माळ्याच्या हाती पडलं. त्यातून जे गुलाब निपजले त्यांचं कूळ 'बूर्बाँ गुलाब' म्हणून जगभर गेलं. आपला एडवर्ड याच कुळातला आहे. फ्रेंच एदुआरचं आपल्या तोंडी एडवर्ड झालं.

या संकराचं महत्त्व कळण्यासाठी दोन्ही बाजूंचे गुण बघावे लागतात. दमास्कस गुलाबाचा वास थोर, पण तो फुलतो वर्षाकाठी थोडेच दिवस. उत्तर प्रदेशात कनौज, अलीगढ, हाथरस या बाजूला अत्तरासाठी जो गुलाब लावतात तो हाच. त्याला तिकडे चैती गुलाब म्हणतात, कारण त्याचा बहर फाल्गुन-चैत्रात येतो आणि संपतो. चिनी गुलाबाला वास बेताचा, पण तो थांबत नाही. नवी फांदी फुटली की तिच्या टोकाला कळी ठरलेली. हा चिनी गुलाब युरोपात गेला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, पुष्कळदा कलकत्त्यामार्गे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं चीनहून परतताना तिथं थांबत, आणि शिबपूरच्या बागेत, जी १७८७ साली सुरू झाली, चिनी झाडं वाढवली जात. त्यामुळे फ्रेंच लोक त्याला 'बंगाली गुलाब' म्हणू लागले. चीनचा गुलाब, नाव बंगालचं, आणि आपण मात्र समजत राहिलो की चांगला गुलाब तेवढा विलायतेहून येतो!

बारमाही फुलण्यामागचं कारण आता शास्त्रज्ञांना पुष्कळसं उलगडलं आहे. गुलाबात फुलण्याला आवर घालणारा एक जनुक असतो. रानगुलाबात तो वसंतात थोडा वेळ गप्प बसतो, झाड फुलून घेतं, आणि मग तो पुन्हा लगाम खेचतो. उरलेलं वर्ष झाड नुसतं पानं आणि फांद्या वाढवतं. चिनी गुलाबात याच जनुकाच्या मधोमध दुसरा एक तुकडा घुसून बसला आहे, त्यामुळे त्याचा लगाम ढिला पडला आहे. हे संशोधन २०१२च्या सुमारास प्रसिद्ध झालं. म्हणजे आपण ज्याला सदाफुली वाण म्हणतो तो मुळात एका बिघाडाचा प्रसाद आहे. हजारेक वर्षांपूर्वी कुण्या चिनी माळ्यानं तो ओळखला आणि जपला, हेच त्याचं मोठेपण.

यातून शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट अशी निघते. बारमाही गुलाब नव्या फुटव्याच्या टोकाला फुलतो. जुनी फांदी नुसती उभी राहिली तर ती फूल देत नाही. म्हणून झाड आटोपशीर ठेवणं आणि त्याच्याकडून पुन्हा पुन्हा फूल घेणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे. कापलंत की फुटवा, फुटवा आला की कळी. आपल्याकडे घराघरांत गुलाबाला हात लावायची भीती असते. "एवढं वाढलंय, कशाला कापायचं?" असं म्हणत त्याला सात-आठ फूट जाऊ देतात, मग फुलं शेंड्याला, हात पुरत नाही, खाली नुसत्या काट्यांच्या काड्या. द्राक्षबागायतदाराला छाटणीचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्यानं तीच नजर अंगणातल्या गुलाबावर टाकावी.

मुख्य छाटणी देशावर पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करावी. छाटणीच्या आधी सात-आठ दिवस पाणी कमी करा. मग आधी वाळलेल्या, कीड लागलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या तळापासून काढा. झाडाच्या पोटात शिरून एकमेकींना घासणाऱ्या फांद्याही काढा, म्हणजे आत वारा आणि ऊन खेळेल. मग बुडाकडे बघा. तीन-चार वर्षांची, राखाडी सालीची, जाड खोडं असतील तर त्यांतली एक-दोन जमिनीलगत कापा. सगळी एका वर्षी नकोत. दरवर्षी एवढं केलं तर झाड कधी म्हातारं होत नाही. हे झाल्यावर उरलेल्या फांद्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमी करा. मोठ्या फुलाच्या कलमी गुलाबाला जसं गुडघ्यापर्यंत उतरवतात तसं एडवर्डला उतरवू नये. याचं झुडूप भरलेलं राहिलं तरच ते शोभतं. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरपा असावा. विळ्यानं किंवा बोथट कोयत्यानं फांदी चिरते आणि मग तिथून काळी पडत खाली वाळत जाते. धार लावलेलं सिकेटर हवं, ते नसेल तर धारदार चाकू. जाड कापावर बोर्डो पेस्ट लावा: शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून, एक लिटर पाण्याच्या हिशेबानं एकत्र करायचे. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पाऊस लांबतो, तिथं छाटणीही आठ-पंधरा दिवस लांबवा. ओल्या हवेत केलेला काप कुजतो.

दुसरी छाटणी हलकी; जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास. उन्हाळ्यात भाजलेले शेंडे काढायचे आणि झाडाला गोल आकार द्यायचा, एवढंच. आणि तिसरं काम वर्षभर चालणारं: फूल कोमेजलं की ते काढणं. नुसतं फूल चिमटायचं नाही. खालचं दुसरं पाच पानांचं पान जिथं फुटलं असेल त्याच्या वर कापायचं. कोमेजलेलं फूल तसंच ठेवलं तर त्याचं बोंडासारखं फळ बनतं, झाड आपली ताकद बियांकडे वळवतं आणि पुढचा बहर मंदावतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथं तुमच्यासाठी एक गमतीचा प्रयोग आहे. एकाच झाडाच्या दोन फांद्यांना दोन रंगांची सुतं बांधा. एकीवरची कोमेजलेली फुलं कापत जा, दुसरीवरची राहू द्या. मुलांना वहीत तारखा लिहायला सांगा: कापलं कधी, फुटवा कधी दिसला, कळी वाटाण्याएवढी कधी झाली, उमलली कधी. हिवाळ्यात देशावर छाटल्यापासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात, गरम-दमट दिवसांत थोडे कमी. हा हिशेब एकदा मुलांच्या हाती आला की तेच तुम्हाला सांगतील, २६ जानेवारीला फूल हवं असेल तर ७ ते १० डिसेंबरच्या दरम्यान फांद्या छाटल्या पाहिजेत आणि १५ ऑगस्टसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या शाळेत हे काम पुढे मुलांनी वारीवारीनं वाटून घेतलं. एका वर्षी थंडी कडक पडली आणि फुलं २९ तारखेला उमलली. पोरांनी वहीत लिहिलं, "थंडीमुळे तीन दिवस उशीर." पाढे पाठ न करणारी पोरंही हा हिशेब चुकत नसत.

लावणीचं आता थोडक्यात सांगतो. जागेला दिवसाचं पाच-सहा तास तरी ऊन हवं. सकाळचं ऊन विशेष चांगलं. खड्डा दीड फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. चांगलं कुजलेलं शेणखत घमेलंभर, निंबोळी पेंड दोन मुठी, आणि खणलेली माती. काळी भारी जमीन असेल तर तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे घाला आणि मातीत वाळू मिसळा, कारण गुलाबाला पाणी लागतं पण पाण्यात उभं राहणं सोसत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात गुलाब मरतो तो बहुधा रोगानं नव्हे, मुळं गुदमरून मरतो. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. कलमी रोप असेल तर सांधा मातीत गाडू नका, दोन बोटं वर ठेवा. स्वतःच्या मुळावरचा एडवर्ड असेल तर ही काळजीच नाही, बुडातून आलेला प्रत्येक फुटवा आपलाच.

चुनखडीच्या रानात आणखी एक गोष्ट होते: नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक समजतात खत कमी पडलं आणि युरिया टाकतात. ही भूक नत्राची नाही, लोहाची आहे. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. शेणखत, पालापाचोळ्याचं खत भरपूर द्या आणि शेणखतात मुरवून चमचाभर हिराकस बुडाशी द्या. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं तर उन्हाळ्यात बरंच पाणी वाचतं. पाणी बुडाशी, भरपूर, पण रोज नको. हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी, उन्हाळ्यात एक-दोन दिवसांआड, जमीन बघून. संध्याकाळी पानांवर पाणी मारण्याची हौस मात्र करू नका, त्यानं पानांवर काळे ठिपके पडतात.

रोगांच्या बाबतीत एडवर्ड कणखर आहे, तरी पावसाळ्यात काळे ठिपके आणि थंडीत भुरी येतेच. ठिपक्यांची पानं गळून खाली पडतात, ती गोळा करून जाळा. त्यांतूनच रोग पुन्हा वर चढतो. भुरी, म्हणजे पीठ फवारल्यासारखा पांढरा थर, दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम या मानानं सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा, भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. मावा आणि फुलकिडे यांना निंबोळी अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीचं कूट रात्रभर भिजवून, गाळून, लिटरभर करायचं. जुन्या खोडावर पांढुरके खवले चिकटलेले दिसले तर जुन्या दातघासणीनं घासून काढा. त्या किडीकडे दुर्लक्ष झालं की फांदीच वाळते.

फवारणीविषयी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. एडवर्डच्या पाकळ्या सुवासिक म्हणून घरोघर त्यांचा गुलकंद करतात. पाकळ्या धुऊन सावलीत कोरड्या करायच्या, त्यांच्या दीडपट ते दुप्पट वजनाची खडीसाखर कुटून काचेच्या बरणीत थरावर थर द्यायचा, आणि तीन-चार आठवडे रोज उन्हात ठेवून मधूनमधून हलवायचं. काम सोपं आहे. पण ज्या झाडावर कीटकनाशक मारलं आहे त्याची पाकळी पोटात जाता कामा नये. बाजारातल्या हारांची, गुच्छांची फुलं घेऊन गुलकंद करू नका. ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात. शाळेच्या बागेत तर औषधाचा डबा शिरूच देऊ नये. लहान मुलं पाकळी तोंडात घालतात, ती आपण कितीही सांगितलं तरी घालणारच.

कुणी विचारील, एवढं या जुन्या गुलाबाचं कौतुक, मग नवे काय वाईट? वाईट नाहीत. आपल्याच देशात डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्यासारखा माणूस होऊन गेला, ज्यानं तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या गव्हाच्या जाती काढल्या आणि त्याच हातानं गुलाबाच्याही काढल्या; भारतातल्या गुलाबावर त्यांचा मोठा ग्रंथ १९६६ साली निघाला. इंग्लंडात डेव्हिड ऑस्टिन यांनी तर जन्मभर हाच ध्यास घेतला होता: जुन्या गुलाबाचं भरगच्च, पाकळ्यांची वाटी असलेलं फूल आणि वास घ्यायचा, त्यात नव्या गुलाबाचं बारमाहीपण आणायचं. त्यांचा पहिला गुलाब १९६१ साली आला, तो वर्षातून एकदाच फुलणारा होता. पुन्हा पुन्हा फुलणारे १९६९ पासून येऊ लागले. त्या वळणाची रोपं आता आपल्याकडच्या मोठ्या रोपवाटिकांतही दिसतात. हौस असेल तर जरूर लावा, सांध्याखाली नजर ठेवून. पण ज्याला रोज देवाला चार फुलं हवीत, ज्याच्याकडे फवाऱ्याला वेळ नाही आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ आहे, त्यानं एडवर्डच लावावा असं माझं स्पष्ट मत आहे. रोप विकत घ्यायचीही गरज नाही.

ऑक्टोबरमध्ये छाटणी कराल तेव्हा कापलेल्या काड्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, फूल देऊन गेलेल्या, ना कोवळ्या ना जून, अशा निवडा. प्रत्येक काडी वीतभर, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा, वरचा डोळ्याच्या वर सरळ. म्हणजे उलटी लावली जाण्याची भीती राहत नाही. पोरं उलटी लावतातच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. वरचं एक पान ठेवून बाकीची काढा. निम्मी वाळू आणि निम्मी माती भरलेल्या पिशवीत किंवा फुटक्या डब्यात, खाली भोक पाडून, काडीचे दोन डोळे मातीत जातील अशी खोचा आणि बोटांनी दाबा. डबे झाडाच्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या, चिखल नको. महिन्या-सव्वामहिन्यात मुळं धरतात. त्याआधी पालवी फुटली म्हणून काडी उपटून बघू नका, ती पालवी काडीतल्या साठ्यावर येते. दहापैकी पाच-सहा जगल्या तरी पुष्कळ झालं. तीन-चार महिन्यांनी मुळांचा गोळा न फोडता खड्ड्यात लावा, आणि पहिल्या दोन महिन्यांतल्या कळ्या खुडून टाका, म्हणजे झाड आधी अंग धरील.

आमच्या कट्ट्याभोवतीच्या सात झाडांच्या काड्या सातवीची मुलं शाळा सोडताना दरवर्षी डब्यात लावून घरी न्यायची. एका मुलीची काडी तीनदा वाळली. चौथी तिनं आजीच्या न्हाणीजवळ, ओल्या सावलीत लावली. ती लागली.